देवीला फरशी चालत नाही

धामणकड्यावर आता एक देवी आहे. तिला मी चांगली ओळखते, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. तिचा पहिला पुजारीही माझ्या ओळखीचा. त्यानं मला चौथीत भूगोल शिकवला होता.

तांडेल गुरुजी मूळचे डहाणूच्या किनाऱ्यावरचे. वडील बोटीवर, आई बोंबील सुकवणारी. नोकरीची बहुतेक वर्षं मात्र त्यांनी समुद्राकडे पाठ करून काढली, तलासरी तालुक्यात, वेवजीच्याही पुढे, धामणकड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या शाळेत. निवृत्तीच्या आधी बदली होऊन डहाणूजवळच्या सरावलीला आले आणि तिथे मी त्यांच्या हाती लागले. बारा महिने काळी छत्री, खांद्यावर घडी केलेला पंचा आणि सदऱ्याच्या खिशात दाढीचा गोल आरसा. हा आरसा कशाला, हे आम्हाला कळत नसे, कारण त्यांची दाढी कधीच नीट झालेली नसायची.

शनिवारी शाळा सकाळची. शेवटचा तास गुरुजी कोणत्याच विषयाला देत नसत. त्या तासाला ते असले प्रश्न विचारायचे: मासा झोपला तर त्याला स्वप्न पडतं का? तुझ्या पणजीच्या पणजीचं नाव काय? वारा सुटण्याआधी कुठे असतो? आम्ही काहीबाही ठोकून द्यायचो. शेवटी कोणीतरी मान खाली घालून पुटपुटायचं, "माहीत नाही."

"खाली काय बघतेस, बाय? चोरी केलीस? सरळ उभी राहा. हात बाजूला. आता सांग."

"माहीत नाही!"

"शाबास. बस."

अख्ख्या वर्गाला ते एका सुरात म्हणायला लावत. पाड्यावरच्या शाळेत असताना एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी व्हरांड्यातून चाळीस पोरांचं हे खणखणीत "माहीत नाही" ऐकलं आणि गुरुजींना खुलासा मागितला. खुलाशात गुरुजींनी काय लिहिलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या तपासणीपासून त्यांनी एक खबरदारी घ्यायला सुरुवात केली. साहेब येणार म्हटलं की शाळेला चुना. मैदानातले खड्डे बुजवायचे. व्हरांडा शेणानं सारवायचा, तोरण बांधायचं, फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम् लिहायचं आणि पोरींचं स्वागतगीत बसवायचं. "साहेबासमोर माहीत नाही म्हणायचं असेल ना," ते म्हणत, "तर भिंत तरी पांढरी पाहिजे."

या वाक्याची आठवण ठेवा. पुढे लागणार आहे.

माझं घर डहाणू रोडला. आमच्याकडे वर्तमानपत्र फार उशिरा आलं. पत्रकं आधीपासून होती. वडील स्टेशनबाहेर ती वाटायचे, उरलेले गठ्ठे घरी यायचे आणि मी त्यांच्यावर डोकं ठेवून झोपायचे. क कमळाचा असतो, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तोवर तो कामगारांचा होता. उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपतं, हेही मी पहिल्यांदा गुरुजींच्याच वर्गात पाहिलं. साहजिकच मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. निवृत्त गुरुजी ती वाचायचे आणि रस्त्यात गाठून एकच प्रश्न विचारायचे.

"हे तुला माहीत आहे, का तुला आवडतं?"

मी चिडायचे. जगातल्या अन्यायाबद्दल माझ्या मनात जे होतं ते मला माहीतही होतं आणि आवडतही होतं, आणि त्यात फरक असतो हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

धामणकडा त्यांनी मला दाखवला तो 2015 च्या हिवाळ्यात. "सकाळचीच ये," म्हणाले, "दुपारी तिथे फक्त दगड असतात." डोंगर तसा मोठा नाही. साग, पळस, मग कारवीची दाटी आणि वर एकाखाली एक अशा तीन कपारी. आत गेलो तर मला काहीच दिसेना. काळपट भिंत, जमिनीवर वाटीएवढे खळगे, बस. गुरुजींनी मला एका जागी उभं केलं, खिशातून तो आरसा काढला आणि कपारीच्या तोंडाशी जाऊन ऊन त्यात पकडलं. उजेडाचा तुकडा भिंतीवरून आडवा, अगदी घासत सरकला, आणि भिंत जागी झाली. आधी एक पाऊल. मग पावलांची जोडी. लांब शिंगांचं एक जनावर, पाय तीनच. हात वर केलेलं एक माणूस. आरसा हलला की ते परत दगडात जायचं.

"हे काय आहे, गुरुजी?"

"माहीत नाही."

"कुणी कोरलं?"

"माहीत नाही."

"किती जुनं?"

"खूप," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं. "खूप हेही माझं आपलं आवडीचं."

मग ते खडकावर बसले, दोन वेलची केळी काढली, एक मला दिलं आणि साल परत खिशात ठेवलं. तिथले त्यांचे नियम मला त्या दिवशी पाठ झाले. बोट लावायचं नाही, बोटाला घाम असतो. खडूनं रेघ गिरवायची नाही. आत विडी, उदबत्ती, चूल काही नाही, काजळी धरते. चपला बाहेर. एका वेळी दोघंतिघंच आत. आणि अर्थ सांगायचा नाही.

हा शेवटचा नियम मोडणारे फार असत. मुंबईहून कोणी ट्रेकवाले आले की त्यांच्यातला एक हमखास अर्थ सांगे. गुरुजी ऐकून घेत. कोणी म्हणे, हे पांडवांचं काम. गुरुजी म्हणत, "वनवास झाला का सरकारी नोकरी झाली ती? जिथे जावं तिथे खोदकाम." कोणी म्हणे, हात वर केलेला हा परग्रहावरचा प्राणी. गुरुजी त्याला नीट न्याहाळून म्हणत, "असेल. आमच्या पाड्यावर पण एसटी थांबवायला असेच हात वर करतात."

पाड्यातल्या लोकांचं या कोरीव कामाशी एवढंच नातं होतं की त्यांना ते तिथे आहे हे माहीत होतं. वाघबारशीला गुराखी डोंगराच्या पायथ्याला वाघदेवाची पूजा करायचे. वरच्या कपारीत कोणी काही वाहत नसे. गुरुजींचे पहिल्या तुकडीतले विद्यार्थी रूपजी आता पाड्यातलं वजनदार माणूस झाले होते, मिशा पिकल्या होत्या, पण गुरुजी दिसले की विडी मुठीत लपवायचे. मी त्यांना विचारलं, वर काय आहे? ते सरळ उभे राहिले, हात बाजूला घेतले आणि म्हणाले, "म्हायत नाय."

पुढच्या उन्हाळ्यात डोंगराभोवती लाल खुणा दिसू लागल्या. रस्ते रुंद होत होते आणि खडी पाहिजे होती. गुजरातच्या सीमेपलीकडच्या मगनभाई नावाच्या क्रशरवाल्यानं धामणकडा खाणीसाठी मागितला होता. मला काय, निमित्तच मिळालं. एका बैठकीत मी पत्रक लिहून काढलं. मथळा होता "हजारो वर्षांच्या आदिम वारशावर धनदांडग्यांचा घाला!" आणि खाली दोन पानं होती. गुरुजींना दाखवायला सरावलीला गेले. ते ओट्यावर बसून पेन्सिल घेऊन वाचू लागले.

"हजारो वर्षं. कोणी मोजली?"

"जुनं आहे हे उघड आहे, गुरुजी."

"मग जुनं लिही." रेघ. "आदिम म्हणजे?"

"आदिम म्हणजे... आदिम."

रेघ. "रक्ताचं पाणी करून जपलेला. कोणी जपला? कोणाला ठाऊक होतं तिथे काय आहे?" रेघ. "धनदांडगे. एकच माणूस आहे ना तो? भेटलीस त्याला?"

"त्याला कशाला भेटायचं?"

"दांडगा आहे का बघायला."

तासाभरानं दोन पानांचं पत्रक तीन ओळींचं उरलं. धामणकड्यावर दगडात कोरलेली चित्रं आहेत. ती कोणाची, कधीची, हे माहीत नाही. डोंगर फोडला तर कधीच कळणार नाही. मी म्हटलं, हे वाचून कोण पेटून उठणार? गुरुजी म्हणाले, पेटायला नाही, वाचायला लिहायचं असतं.

मी ते तसंच छापलं, माझ्या आयुष्यातलं उद्गारचिन्ह नसलेलं पहिलं पत्रक. आणि खरं सांगायचं तर त्यानंच काम केलं. कोणीतरी ते कुठल्या तरी टेबलावर ठेवलं आणि ज्या खात्याकडे असल्या जुन्या जागा असतात तिथल्या एक तरुण मॅडम पाहणीला येणार असं ठरलं. त्यांनी जुनं आहे असं लिहून दिलं असतं तर खाण थांबली असती. एवढं सोपं होतं ते.

गुरुजी आनंदानं धड झोपले नसावेत. दोन दिवस आधी त्यांनी पाड्यावर रूपजींना फोन केला. मी शेजारीच होते. ते एवढंच म्हणाले, "रूपजी, परवा मॅडम येतायत तपासणीला. तयारी करून ठेवा."

त्यांच्या मनात होतं ते वाटेतली कारवी तोडायची, पाण्याचा हंडा ठेवायचा, बस. पण हा शब्द ते कोणाला सांगत होते? ज्यांना तपासणी म्हणजे काय हे त्यांनी स्वतः, दर वर्षी, अंगण झाडायला लावून शिकवलं होतं त्यांना.

त्या सकाळी मॅडम, गुरुजी आणि मी वर पोहोचलो तेव्हा कपारीच्या तोंडाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, झेंडूच्या माळा होत्या. रूपजी धुतलेल्या सदऱ्यात उभे. पाड्यातल्या बाया ओळीनं उभ्या, आणि आम्ही दिसताच त्यांनी शाळेतलं स्वागतगीत सुरू केलं. त्या गीताची चाल मला ओळखता आली. आमचंही तेच होतं.

मग आम्ही आत पाहिलं.

जमीन शेणानं गुळगुळीत सारवलेली होती. खळगे दिसेनात. मॅडमचा पाय मुरगळू नये म्हणून ते माती भरून बुजवले होते. भिंत खालून कमरेपर्यंत गेरूनं लाल केलेली. आणि कोरलेल्या प्रत्येक रेघेत तांदळाचं पीठ कालवून भरलेलं, इतक्या नेटकेपणानं की रेघेबाहेर एक थेंब नाही. पावलं पांढरीशुभ्र. माणसाला बोटं आली होती. लांब शिंगांच्या जनावराला चौथा पाय मिळाला होता. वर कोपऱ्यात, जिथे कधीच काही नव्हतं, तिथे सूर्य उगवला होता. त्याच्या शेजारी सुस्वागतम्.

गाणं संपलं.

मॅडम पुढे झाल्या. रेघेजवळ नाक नेऊन त्यांनी वास घेतला. "हे कधीचं आहे?" त्यांनी विचारलं.

रूपजी अभिमानानं पुढे आले. "कालचा, मॅडम! समदा कालच केला. रातच्याला बाया थकल्या पन गुरजींचं नाव राखला."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी छत्री जमिनीवर टेकली होती आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून ते उभे होते. रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. बायांकडे बघून म्हणाले, "अक्षर छान काढलंय. सुस्वागतम् मध्ये चूक नाही." आणि बाया लाजल्या.

मी मात्र भांडायला तयार. पाणी आणा, घासून काढू, आत्ता दाखवू, असं मी म्हणताच ते माझ्यावर ओरडले. "घासायचं नाही! घासलं तर दगड जाईल!"

मॅडम भल्या होत्या. बाहेरच्या खडकावर बसून त्यांनी नारळपाणी घेतलं, बायांचं कौतुक केलं आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, खोटं आहे असं मी लिहिणार नाही. पण जुनं आहे असं लिहायला मला जुनं दिसलं पाहिजे. मला पीठ दिसलं. आज मला एवढंच लिहिता येईल की माहीत नाही."

गुरुजींचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, ते शाबास म्हणणार होते.

त्यानंतरचा आठवडा आम्ही रोज वर जात होतो. करण्यासारखं काही नव्हतं. शेण वाळून पापुद्रे कधी सुटतील ते बघत गुरुजी बसून असायचे, त्यांची आई वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, वाळणारे बोंबील बघत बसायची तसे. अशाच एका सकाळी खालून गाडीचा आवाज आला आणि थोड्या वेळानं मगनभाई मोजणीवाल्या माणसाला घेऊन वर आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. दांडगे नव्हते. बारीक, चष्मेवाले, चढण चढून दम लागलेले. माझ्या तोंडावर घोषणा आलेली होती.

त्यांनी तोरण पाहिलं, सारवण पाहिलं. पांढरी पावलं पाहिली. आणि जागच्या जागी वाकून बूट काढले.

"अरे," ते मोजणीवाल्यावर खेकसले, "जोडा काढ! आ तो जागती जग्या छे!" मग हात जोडून गुरुजींकडे वळले. "गुरुजी, आ कया माताजी?"

"माहीत नाही," गुरुजी म्हणाले.

मगनभाईंनी डोळे मिटले. "बराबर छे. एनुं नाम ना लेवाय." ज्या देवीचं नाव घ्यायचं नसतं ती केवढी कडक असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "अहो, तसं नाही, इथे देवी नाही, ही चित्रं..." पण मगनभाईंनी कपाळ दगडाला टेकवलं होतं. कपाळालाही घाम असतो म्हणून मी त्यांना मागे ओढायला हवं होतं. कोणीच ओढलं नाही.

महिन्याभरात लाल खुणा पुसल्या गेल्या. मगनभाईंची यंत्रं ओढ्यापलीकडच्या डोंगरावर गेली. त्या डोंगरावर कोणी काही कोरलेलं नव्हतं आणि कोणी सारवलंही नव्हतं. पाड्याची गुरं तिथे चरायची, एवढीच त्याची लायकी. तो आता नाही. त्याच्यावर मी सहा पानांचं पत्रक लिहिलं, सगळी उद्गारचिन्हं परत घालून. कुणीही कुठल्या टेबलावर ठेवलं नाही.

धामणकडा वाचला याचा गुरुजींना आनंद झाला का, हे विचारायची सोय नव्हती. मंगळवारी लोक येऊ लागले. आधी क्रशरवरचे ड्रायव्हर, मग त्यांच्या बायका, मग सीमेपलीकडची कुटुंबं. कोणी तेल ओतलं, कोणी शेंदूर लावला. लांब शिंगांच्या जनावराला देवीचं वाहन ठरवून एकानं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. गुरुजी प्रत्येकाला समजावत. "ही देवी नाही हो. माणसांनी कोरलंय. कोणी, ते माहीत नाही." लोक ऐकून घेत, त्यांच्या पाया पडत आणि तेल ओतत.

मग मगनभाईंचा निरोप आला. धंद्याला बरकत आली होती. देवीसाठी त्यांना आतून पूर्ण भिंतीला गुलाबी फरशी बसवायची होती, वर पत्र्याची शेड, दाराशी लोखंडी जाळी. सामान निघालं होतं.

रूपजींच्या अंगणात बैठक बसली. मगनभाई खाटेवर, फरशीचा नमुना मांडीवर. पाडा सगळा भोवती. लोक खूष होते, आणि का नसावेत? त्यांच्या डोंगरावर पहिल्यांदाच कोणी काही बसवायला निघालं होतं, उपटायला नाही. गुरुजी उठले. मला वाटलं, आता ते शनिवारचा तास घेतील. त्यांनी सुरुवातही तशीच केली. दगड म्हणजे काय, रेघ म्हणजे काय, फरशीखाली सिमेंट जातं म्हणजे काय होतं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं. संपल्यावर मगनभाई म्हणाले, "बद्धुं साचुं, अगदी खरं, गुरुजी. मग गुलाबी का सफेद?"

गुरुजी खाली बसले. पंच्यानं तोंड पुसलं. समोरच्या फरशीकडे पाहिलं. मग परत उठले. सरळ. हात बाजूला.

"देवीला फरशी चालत नाही," ते म्हणाले.

मगनभाईंनी मांडीवरची फरशी घट्ट धरली.

"कोन बोलला?" रूपजींनी विचारलं.

"तिनंच. पहाटे."

"तुमाला?"

"मला."

मगनभाईंनी फरशी मांडीवरून उचलून खाली ठेवली, विंचू ठेवावा तशी. "बीजुं काय बोल्या माताजी?"

आणि तांडेल गुरुजी बोलू लागले. देवीला तेल चालत नाही. शेंदूर, हळद, पेढा, काही अंगाला लागलेलं चालत नाही. माणसाचा हात चालत नाही. उदबत्तीचा धूर तिला सहन होत नाही, नारळ बाहेर फोडायचा. कपारीच्या तोंडाशी दोरी बांधायची, चपला तिच्या अलीकडे. एका वेळी दोघंतिघंच आत. पीठ भरायचं नाही, भरलेलं तिचं ती झटकेल, कोणी घासायचं नाही. मी ऐकत होते आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसत नव्हता. कपारीतल्या त्या पहिल्या सकाळी केळं खाताना त्यांनी मला सांगितलेलं सगळं, जवळजवळ त्याच क्रमानं, आता देवीच्या तोंडून येत होतं. फक्त एक नियम गळला होता. अर्थ सांगायचा नाही, हा.

रूपजी मिशीवरून हात फिरवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गुरजी, ही देवी बोलते अगदी तुमच्यावानी." कोणी हसलं नाही. रूपजीही नाही. "मंग पुजा बी तुमीच करा. तिचा ऐकाया दुसरा कोन हाय?"

परतीच्या जीपमध्ये मी गुरुजींशी बोलले नाही. तलासरीला उतरल्यावर मात्र स्टॅंडवर, सगळ्यांसमोर, फुटले.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"लोकांच्या अंधश्रद्धेचा फायदा घेतलात. यांच्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, गुरुजी. यांच्याविरुद्ध!"

"काढ की."

"ही देवी तुम्हाला माहीत आहे, का आवडते?"

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. माझा घाव बसला होता. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं.

"आवडत नाही," ते म्हणाले. "लागते." मग जरा थांबून: "तू तीन ओळी लिहिल्यास ना, त्या खऱ्या होत्या. त्या वाचून एक मॅडम आल्या. खरं बोलून एक माणूस येतो, बाय. फरशीचा टेम्पो निघालेला होता."

मी पत्रक काढलं नाही. काढलं असतं तर त्यात काय लिहिलं असतं, हे मी अनेकदा मनात जुळवून पाहिलंय. दर वेळी ते तीन ओळींच्या वर जात नाही.

गुरुजी पुजारी झाले. मंगळवारी पहाटेची गाडी धरून सरावलीहून निघायचे, डोंगराच्या पायथ्याला, लोकांनी टांगलेल्या घंटेपाशी, लाल उपरणं पांघरायचे, कपाळावर गंध ओढायचे. उतरल्यावर पाड्याच्या हातपंपावर ते गंध धुऊन मगच जीपमध्ये बसायचे. देवी भलतीच शिस्तीची निघाली. तिच्या दोरीपाशी शाळेसारखी रांग लागायची आणि बोलणाऱ्याला गुरुजी बाहेर उभं करत. लोकांना तिची ही करडी वागणूक फार भावली. मऊ देवापेक्षा असल्या देवावर भरवसा जास्त बसतो.

एक गोष्ट मात्र बंद झाली. निवृत्तीनंतरही गुरुजी सरावलीच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास घ्यायला हौसेनं जायचे. ते जाईनासे झाले. तिथल्या बाईंनी मला विचारलं, गुरुजी का येत नाहीत? मी त्यांना विचारलं. ते अंगणातल्या दोरीवर पंचा वाळत घालत होते.

"ज्याला पहाटे देवी सांगते," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानं पोरांसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं?"

2019 च्या मेमध्ये मला नोकरी लागून मी लांब जाणार होते, म्हणून शेवटचं एकदा त्यांच्यासोबत कड्यावर गेले. वर दोरीपाशी एक बाई चपला काढून उभ्या होत्या. साडी नव्हती, पंजाबी ड्रेस होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. त्याच मॅडम.

"रजेवर आहे," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "नुसती बघायला आले."

इतर कोणी अजून चढलं नव्हतं. गुरुजींनी त्यांना आत नेऊन एका जागी उभं केलं. पावसाळ्यांच्या ओलीनं शेणाचे पापुद्रे गळून गेले होते, गेरू फिकट झाला होता, पीठ मुंग्यांनी नेलं होतं. गुरुजींनी आरसा काढला. उजेड भिंतीवरून सरकला. पाऊल. पावलांची जोडी. लांब शिंगांचं जनावर, पाय परत तीन. हात वर केलेलं माणूस, बोटांशिवाय. आरसा दोनदा भिंतभर फिरला.

"आता मी जुनं आहे असं लिहू शकते," त्या म्हणाल्या. "पण मग बाकीचंही लिहावं लागेल. घंटा, दोरी, मंगळवार. देवी हलवा म्हणावं लागेल."

"देवी हलली की वरचा हुकूम यायच्या आधी मगनभाई बूट घालतील," गुरुजी म्हणाले.

"हो." त्या थोडं हसल्या. "म्हणून तर रजेवर आहे." मग भिंतीकडे वळून, वर्गातल्या मुलीसारखं, त्यांनी विचारलं, "पण गुरुजी, हे आहे तरी काय?"

गुरुजींनी आधी मागे वळून दोरीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी आरसा खाली घेतला, खांद्यावरचं लाल उपरणं काढून माझ्या हातात दिलं आणि सरळ उभे राहिले. हात बाजूला.

"माहीत नाही," ते म्हणाले. मोठ्यानं. कपारीत ते घुमलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी वर्षांनी शनिवार पाहिला.

खालून घंटा वाजली. मंगळवारची माणसं चढायला लागली होती. गुरुजींनी आरसा खिशात टाकायला घेतला, मग थांबून त्यात स्वतःचं कपाळ पाहिलं आणि उजेड नीट पडेना म्हणून माझ्याकडे वळले.

"सरळ आहे का गं?"

"डावीकडे गेलंय," मी म्हटलं, आणि उपरण्याच्या टोकानं ते गंध नीट करून दिलं.